वारा फिरेपर्यंत

सकाळचे सहा वाजलेत आणि चिंधी सरळ खाली लोंबते आहे. म्हणजे वारा अजून उठलेला नाही.

चिंधी आईच्या जुन्या सुती पातळाची. फिकट हिरवी, चार बोटं रुंद आणि हातभर लांब. काल संध्याकाळी तिनं ती टर्रकन फाडली आणि परसातल्या हिल्स हॉइस्टला बांधली. मधोमध एक खांब आणि त्यावर छत्रीसारखं फिरणारं तारांचं चक्र, अशी ही कपडे वाळत घालायची सोय इथल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या परसात असते. "आमचे बाबा खळ्यावर असंच बांधायचे," आई म्हणाली. "उफणायला उभं राहायच्या आधी वारा कुठनं येतोय ते बघायला नको?" वाईजवळच्या माहेरी ज्वारी उफणताना जे करत, तेच तिनं सिडनीच्या पश्चिमेला, ब्लू माउंटन्समधल्या विन्माली गावात केलं आहे. आज शनिवार, २१ डिसेंबर २०१९. आज सगळं वाऱ्यावर आहे.

उजाडलंय, पण उजेड असा नाहीच. सूर्य म्हणजे धुरामागचा एक तांबडा ठिपका, डोळे न दिपता बघता येतो. एरवी या वेळेला कूकाबरा पक्षी गाव डोक्यावर घेतात. आज एकही ओरडत नाही. धुराचा वास मात्र आता वास म्हणून जाणवतही नाही. दीड महिना झाला, तो उशांत आहे, टॉवेलांत आहे, मुलाच्या केसांत आहे.

आमचं गाव डोंगराच्या सोंडेवर वसलेलं आहे. माथ्यावरून एक मोठा रस्ता जातो, त्याला दोन्हीकडून गल्ल्या फुटतात आणि गल्ली संपते तिथं निलगिरीचं रान सुरू होऊन थेट घळीत उतरतं. घळी उतरत जातात ग्रोज नदीच्या दरीत. दरीच्या पलीकडे, उत्तरेला, दुसरी सोंड. तिच्यावर बिल्पिन, कुराजाँग हाइट्स, सफरचंदाच्या बागा. इथून तिथं पक्षी उडाला तर वीसेक किलोमीटर. आग त्या दरीत आहे.

तिची सुरुवात आमच्यापासून फार लांब झाली होती. २६ ऑक्टोबरला वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात, गॉस्पर्स माउंटनजवळ वीज पडली. तेव्हापासून ती आग चार लाख हेक्टरांहून जास्त रान खाऊन बसली आहे. आईला हेक्टर कळेनात, तेव्हा मी सांगितलं, अख्ख्या गोव्याहून मोठं. ती बराच वेळ काही बोलली नाही. गेल्या शनिवारी, १४ तारखेला, माउंट विल्सनजवळ या आगीला वाट मिळू नये म्हणून तिच्या पुढ्यातलं रान मुद्दाम जाळायला घेतलं होतं. ती लावलेली आग रस्ता ओलांडून हातची निसटली. रविवारी माउंट टोमा, बेरम्बिंग, बिल्पिन इथं घरं जळाली आणि आग ग्रोज दरीत शिरली. गावात यावर दोन तट आहेत. मला एवढंच दिसतं की ज्यांनी ती लावली तेही आमच्यासारखेच, पगार न घेणारे, रात्रीची झोप सोडून आलेले लोक होते, आणि काहीच न करण्याचा पर्याय त्यांच्यापुढे नव्हता.

सात वाजता गल्ली जागी होते. खरं तर झोपलेलं कुणीच नसावं. प्रत्येक घरासमोर शिडी लागलेली. पन्हळीतला पालापाचोळा गेल्या महिन्यातच काढून झालाय. आता पन्हळीचा पाइप बुजवून तिच्यात पाणी भरायचं आहे. पाइपाच्या तोंडात जुन्या फडक्यात गुंडाळलेला टेनिसचा चेंडू गच्च बसवला की पाणी टिकतं. नाताळ चार दिवसांवर आलाय. छपरांच्या कडेला लावलेल्या दिव्यांच्या माळा बाजूला सारून लोक चेंडू ठोकताहेत. दुष्काळामुळे १० डिसेंबरपासून सिडनीभर नळीनं बागेला पाणी घालायला बंदी आहे. आज गल्लीतल्या सगळ्या नळ्या मोकळ्या सुटल्यात, भिंती भिजवताहेत, लाकडी जिने भिजवताहेत. कोपऱ्यावरचा सुतार पोहण्याच्या तलावात पेट्रोलवरचा पंप सोडतो आहे. त्याच्या कुंपणाला लाल पाटी आहे, एसडब्ल्यूएस, म्हणजे इथं साठवलेलं पाणी आहे, बंबवाल्यांनी खुशाल घ्यावं.

आई दारात उभी राहून हे सगळं बघते. "आमच्याकडं वणवा लागला की पोरं डहाळ्या घेऊन पळायची," ती म्हणते. "बडवून बडवून विझवायची. गवतच ते, जळून जळून किती जळणार? घरापर्यंत नाही यायचा." मग गल्लीच्या टोकाच्या झाडांकडे मान वर करून बघते. ती झाडं पाच-सहा मजली उंच आहेत. पानांत तेल आहे, आणि सालींच्या लांब पट्ट्या सुटून लोंबताहेत. या साली पेटत्या अंगानं वाऱ्यावर उडतात आणि आगीच्या कितीतरी किलोमीटर पुढं जाऊन पडतात. घरं जळतात ती बहुतेक अशा ठिणग्यांनी. एखादी कौलाखाली शिरते, पायपुसण्यावर पडते, कुंडीतल्या वाळल्या रोपात विसावते. तासाभरानं घर पेटतं आणि तोवर आगीची आघाडी कधीच पुढं निघून गेलेली असते. मी पायपुसणं उचलून आत टाकते.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. २०१५ साली आम्ही इथं आलो, तेव्हा निम्मी गल्ली नवी होती आणि अधूनमधून रिकामे प्लॉट होते. १७ ऑक्टोबर २०१३ला वादळी वाऱ्यात स्प्रिंगवुडच्या लिंक्सव्ह्यू रोडला विजेच्या तारांवर झाड पडलं आणि त्या एका दुपारी इथली आणि आसपासची मिळून जवळजवळ दोनशे घरं गेली. आमचं घर तशाच एका जळलेल्या जागेवर उभं राहिलेलं आहे. कढीपत्ता लावायला खणत होते तेव्हा कुदळ कशावर तरी खणकन आपटली. हातभर खाली चांदीसारखा एक ओघळ सापडला. मेण सांडून गोठावं तसा, एका बाजूला मातीचे खडे अडकलेले. मला वाटलं, काही पुरलेलं असेल. समोरच्या आजींनी तो हातात घेतला, वजन बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या गाडीचं चाक आहे हे. ॲल्युमिनियम. उतारावरून पाण्यासारखं वाहत गेलं होतं." तो ओघळ मी फेकला नाही. खिडकीत ठेवलाय. पण कढीपत्ता दुसरीकडे लावला.

नऊ वाजता फोनवर 'फायर्स निअर मी' उघडते. हे ॲप म्हणजे सध्या आमचं पंचांग. आमच्यावर निळा चौकोन, म्हणजे लक्ष असू द्या. दरीच्या माथ्याला पिवळा. बिल्पिनच्या बाजूला लाल. मोठ्या रस्त्यावर अर्धवर्तुळाकार फलक आहे, त्याचा काटा आज शेवटच्या पट्ट्यात नेऊन ठेवलाय, 'कॅटस्ट्रॉफिक'. २००९ साली शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात फेब्रुवारीच्या एका शनिवारी १७३ माणसं जळून गेली, त्यानंतर ही पायरी वाढवली. तिचा अर्थ साधा आहे. अशा दिवशी आग लागली तर तिला तोंड द्यायला कुठलंही घर बांधलेलं नाही. निघून जा, आणि आग दिसायच्या आधी जा.

हे 'दिसायच्या आधी' फार अवघड आहे. ज्वाळा दिसल्या की पाय आपोआप उचलतात. पण घर धडधाकट उभं आहे, चहा उकळतो आहे, कुंडीतल्या तुळशीला नवी पालवी आहे, आणि तरीही कुलूप लावून चालू पडायचं, याला मन तयार होत नाही. बाहेरचे लोक विचारतात, तुम्ही आधीच का नाही निघालात? त्यांनी एकदा स्वतःच्या अंगणात उभं राहून हे करून बघावं.

आई आणि मुलगा निघताहेत. नवरा त्यांना तूंगाबीला मैत्रिणीकडे सोडणार. आईनं देवांचा डबा स्वतःजवळ घेतलाय, बाकीचं सामान कालपासून गाडीतच आहे. पासपोर्ट, मुलाचे दम्याचे पंप, घराच्या विम्याचे कागद. मुलानं सायकल मागितली, जागा नाही म्हटल्यावर तिच्यावर ओला टॉवेल टाकून आला. आई गाडीत बसताना माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघते. "सुतीच आहे ना? नायलॉन अंगाला चिकटतं." हे तिला समोरच्या आजींनी शिकवलंय. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी आई इथं आल्यापासूनच्या चार महिन्यांत लिंबाचं लोणचं आणि लोकरीच्या टोप्या इकडून तिकडे गेल्या आहेत. गाडी वळते. आई काच खाली करून म्हणते, "चिंधीकडं लक्ष ठेव. मला फोनवर सांगत जा."

मी थांबले आहे. हे बरोबर नाही, मला माहीत आहे. पण समोरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, गाडी चालवणं त्यांनी सोडलंय आणि त्या हलायला तयार नाहीत. मी त्यांच्याशी ठरवून घेतलंय, आग ग्रोज नदीच्या अलीकडे आली असं कळलं की एक अक्षर न बोलता माझ्या गाडीत बसायचं. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. किल्ली तिलाच लावलेली आहे.

अकराच्या सुमारास चिंधीचं टोक उचलतं. आधी नुसतं थरथरतं, मग आडवं होतं आणि आग्नेयेकडे बोट दाखवून तसंच राहतं. वायव्येचा वारा. वाळवंटावरून येणारा, चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखा. पापण्यांची कड भाजते. ओठ चाटले की लगेच कोरडे. पारा चाळिशी ओलांडून गेलाय आणि हिल्स हॉइस्ट आपोआप कुरकुरत फिरायला लागलाय. वायव्येला आग, आग्नेयेला आम्ही. चिंधी थेट आमच्या स्वयंपाकघराकडे उडते आहे.

आजींच्या घरात पडदे काढून ठेवलेत, न्हाणीघरातला टब भरलेला आहे, दारांच्या फटींशी ओले टॉवेल. स्वयंपाकघरातलं टेबल मात्र नेहमीसारखं, फुलांचं मेणकापड, चहाची किटली, बॅटरीवरचा रेडिओ आणि जाड बटणांचा फोन. त्या उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून बसल्यात. तिकडे आता दरी दिसत नाही, पिवळट भिंत दिसते. रेडिओवर राज्याच्या ग्रामीण अग्निसेवेचे प्रमुख शेन फिट्झसिमन्स बोलताहेत. गेले कित्येक आठवडे रोज हा आवाज घराघरात आहे. २००० साली त्यांचे वडील कु-रिंग-गाय चेस उद्यानात रान जाळून मोकळं करण्याच्या कामावर असताना आगीत गेले. हे इथं सगळ्यांना माहीत आहे, आणि माझ्या मते, ते "निघा" म्हणतात तेव्हा लोक ऐकतात ते म्हणूनच. परवा, १९ तारखेला रात्री, बक्स्टनजवळ त्यांचे दोन स्वयंसेवक गेले. झाड कोसळलं आणि बंब उलटला. दोघंही लहान मुलांचे बाप. आजींनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून फ्रिजवर लावली आहे, नातवाच्या फोटोशेजारी. कुणी सांगितलं नव्हतं.

फोन वाजतो. बिल्पिनहून त्यांची धाकटी बहीण. पंच्याहत्तरीची, सफरचंदाची छोटी बाग आहे, नवरा चार वर्षांपूर्वी वारला. ती आणि तिचा मुलगा बाग सोडून निघालेले नाहीत. दोघी बहिणी तासातासाला बोलतात. बोलणं ऐकलं तर वाटावं, हवापाण्याच्या गप्पा चालल्यात.

"तुझ्याकडे काय?"

"काळी पानं पडताहेत. गरम नाहीत अजून. तुझ्याकडे?"

"वारा माझ्याकडे येतोय. सरळ."

"बरं. मग मला जरा उसंत."

फोन ठेवून आजी माझ्याकडे बघतात आणि मला ते गणित समजावून सांगतात, जे मला सकाळपासून कळत होतं पण मी मांडायला धजत नव्हते. संध्याकाळी सदर्ली येणार आहे.

सदर्ली म्हणजे दक्षिणेचा वारा. सिडनीच्या उन्हाळ्यात याच्याइतकं लाडकं काही नाही. दिवसभर शहर भाजून निघतं आणि संध्याकाळी समुद्राकडून तो घुसतो, दारं आपटतात, पाऊण तासात पारा दहा-पंधरा अंशांनी उतरतो. कामावरून येणारी माणसं फुटपाथवर थबकून शर्टाची बटणं सोडतात. मुलं ओरडतात, "सदर्ली आली!" लग्न होऊन या देशात आले तेव्हा मी शिकलेला पहिला इथला शब्द हाच असावा, आणि त्याला मी मनातल्या मनात वळवाच्या शेजारी बसवलं होतं. आगीच्या दिवशी मात्र हाच वारा सगळ्यांत घातकी. दिवसभर वायव्येच्या वाऱ्यानं आग लांब आणि अरुंद पळत असते, जिभेसारखी. दक्षिणेचा वारा आडवा येऊन आदळला की त्या जिभेची सबंध बाजूच आघाडी होते आणि उत्तरेकडे चालू लागते.

आमच्या उत्तरेला दरी. दरीच्या उत्तरेला बिल्पिन.

"तो लवकर आला तर आपण वाचू," आजी म्हणतात. "उशिरा आला तर ती वाचेल." चहा ओततात. त्यांचा हात अजिबात थरथरत नाही. "सकाळपासून मी काय मागायचं तेच मला कळत नाहीये."

२०१३मध्ये याच खिडकीत त्यांना फोन आला होता. बहिणीनं पलीकडून धूर पाहिला आणि बातम्या, सायरन, पोलीस, कुणाच्याही आधी सांगितलं, तुझ्या अंगावर येतंय, नीघ. आजी चपलांवर निघाल्या. हे घर राहिलं. शेजारची दोन्ही गेली. राख थंड झाल्यावर बहीण मोठ्या रस्त्यानं दरीला वळसा घालून आली, सहा आठवडे राहिली, आणि गल्लीतल्या सगळ्यांसाठी रोज सफरचंदाचे पाय भाजले. आजही गल्लीतले लोक तिला 'पायवाली' म्हणून ओळखतात.

दुपारी दोन. डोक्यावरून विमान जातं, एवढं खालून की कपाटातल्या बश्या वाजतात. डोंगराच्या पायथ्याशी रिचमंडचा हवाई तळ आहे, मोठी टँकर विमानं तिथूनच उडतात. हे बोइंग ७३७, राज्यानं याच वर्षी घेतलेलं, पंधरा हजार लिटर पोटात घेणारं. माजी राज्यपाल मारी बशीर यांचं नाव दिलंय त्याला. आगीच्या वाटेवर ते तांबडं रसायन सोडतं. गल्लीतला प्रत्येक जण मान वर करतो. सुताराचा मुलगा हात हलवतो. पायलटला तो दिसणं शक्य नाही, तरी हलवत राहतो.

मी मोठ्या रस्त्यावर जाऊन येते. गावच्या अग्निकेंद्राचं दार सताड उघडं आहे, बंब बाहेर गेलेत. दाराशी लोकांनी आणून ठेवलेलं सामान, बर्फाच्या पिशव्या, केळी, डोळ्यांत घालायचे थेंब, मोज्यांच्या नव्या जोड्या. एका खोक्यावर मुलाच्या अक्षरात लिहिलंय, 'माझ्या बाबांना दिलं नाही तरी चालेल, ज्याला लागेल त्याला द्या.' भिंतीला टेकून एक मुलगी बसली आहे. पंचवीस-सव्वीसची असेल, रात्रपाळी करून आलेली, पिवळे कपडे कोपरापर्यंत काळे. एरवी ती सुपरमार्केटात माझ्या भाज्यांचं बिल करते. राज्यभरात सत्तर हजारांच्या वर असे स्वयंसेवक आहेत, कुणी शिक्षक, कुणी प्लंबर. मी डब्यातून आणलेली थालीपिठं पुढे करते. ती एक घेते, अर्धी खाते, आणि उरलेली हातात धरून बसल्या बसल्या झोपते. मी तिच्या हातातून ती काढून घेत नाही.

परत येईपर्यंत चिंधी ताठ झालेली. हॉइस्टचा खांब वाकेल असं वाटतं. गल्लीत राख पडतेय, आणि राखेत अख्खी पानं. माझ्या तळहातावर एक निलगिरीचं पान येऊन पडतं. शिरान् शीर शाबूत, देठ शाबूत, पण संपूर्ण काळं. बोट लावलं की पीठ. अजून गार आहे. आजी म्हणाल्या होत्या, पान गरम लागलं की निघायचं. गल्लीतले सगळे हेच करताहेत. पडलेलं पान उचलायचं, गालाला लावायचं, टाकून द्यायचं. कुणी कुणाशी बोलत नाही.

चार वाजता वीज जाते. फोनवर आमचा निळा पिवळा झालाय. दोन गाड्या निघून जातात, मागच्या काचेला नाक लावलेला कुत्रा. मी आजींना विचारते, निघूया? त्या म्हणतात, "नदी ओलांडलीय का?" ओलांडलेली नाही. आईचा फोन. "काय म्हणते चिंधी?" मी सांगते, "आपल्याकडंच." ती म्हणते, "उफणताना वारा मरतो आधी. एकदम पडतो. मग फिरतो. पडला की समज." फोनवर मागून मुलाचा आवाज येतो, सायकलवरचा टॉवेल अजून ओला आहे का? मी जाऊन तो पुन्हा भिजवून येते. तेवढ्यात वाळून कडक झालेला असतो.

पाच. सहा. दक्षिणेकडच्या गावांतून निरोप यायला लागलेत. गल्लीच्या फोन-गटावर कुणाचा तरी मेहुणा किनाऱ्याकडच्या गावातून लिहितो, इथं फिरला. मग आणखी जवळच्या गावातून एक. वारा पायरी पायरीनं वर चढतोय आणि आम्ही त्याचे टप्पे मोजतोय. आजींनी खुर्ची अंगणात आणून ठेवली आहे. फोन मांडीवर. पाय अखेर जाड बुटांत घातलेले. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर. पश्चिमेला धुराचा ढग उकळल्यासारखा वर चढतो आहे, बुडाशी विटकरी आणि माथ्याला फुलकोबीसारखा पांढरा. डोळे चुरचुरताहेत, पण चिंधीवरून हलत नाहीत.

मग ती पडते.

आई म्हणाली तशीच. एकदम, कुणी दोरी सोडावी तशी. हॉइस्टचं कुरकुरणं थांबतं. सकाळपासून हा आवाज कानात होता हे तो थांबल्यावर कळतं. एवढी शांतता की सुताराचा पंप तीन घरं पलीकडून स्पष्ट ऐकू येतो. कुणीतरी तोही बंद करतं. गल्लीतली सगळी माणसं आपापल्या अंगणात उभी, तोंडं दक्षिणेकडे.

आधी लांबच्या झाडांचे शेंडे हलतात. मग जवळचे. मग मानेवर मागून गार काहीतरी लागतं, आणि चिंधी फडकन उलटी होते. उत्तरेकडे. अंगावरचा घाम निवतो, शिरशिरी येते. कोपऱ्यावर कुणाचं तरी दार आपटतं आणि सुताराचा मुलगा सवयीनं ओरडतो, "सदर्ली आली!" त्याची आई त्याच्या खांद्यावर हात ठेवते. तो गप्प होतो. गल्लीत कुणी टाळी वाजवत नाही. बागेतली नळी हातात धरलेला एक म्हातारा हॅट काढतो आणि दरीकडे तोंड करून उभा राहतो.

माझा फोन थरथरतो. आई. मी सांगते, "फिरला. उत्तरेकडं उडतेय."

"म्हणजे आपल्यावरनं गेलं." ती मोठा श्वास सोडते. मग तो मध्येच थांबतो. "उत्तरेला तिची बहीण ना गं?"

"हो."

"मग फोन ठेव. तिच्याजवळ बस."

आजींनी नंबर आधीच लावलेला आहे. फोन कानाला न लावता त्यांनी तो समोर धरलाय, आवाज मोठा करून. पलीकडे घंटी वाजते. खूप वेळ वाजते. धुराच्या पिवळट भिंतीत आता आतून तांबडं काहीतरी हलायला लागलंय, आणि ते आमच्यापासून लांब चाललंय. घंटी तुटते. आजी पुन्हा लावतात. त्यांच्या अंगठ्याला जाड बटण सापडत नाही, मी दाबून देते.

या वेळी उचलला जातो. पलीकडे पंपाचा खडखडाट, कुणाचं तरी ओरडणं.

"वारा फिरला," आजी म्हणतात. "तुझ्याकडे निघालाय."

"कळलं. झाडं हलली." मग धापा टाकत, "तुझं घर?"

"आहे."

"बरं झालं. ऐक, मला नळी धरायचीय. ठेवते."

फोन बंद होतो. आजी तो दोन्ही हातांत तसाच धरून बसतात, पडद्यावरचा उजेड विझेपर्यंत. मग हात पुढे करतात आणि मला म्हणतात, खुर्ची जरा कुंपणाजवळ ने, इथून झाडं आड येतात.